मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले नाही

सिंधुदुर्गात बंदुकीचे कोणाला नवल वाटत नाही. देवगडच्या आंबा-बागेत माकडे, कुडाळ-कणकवलीच्या भातशेतीत रानडुकरे, सावंतवाडी-दोडामार्गाकडे गवे. त्यामुळे शेतीसंरक्षणाचा परवाना आणि त्यावरची बंदूक कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि नंतर परत आणायची, हेही अंगवळणी पडले आहे. यातल्या अनेक बंदुका ठासणीच्या किंवा एकनळी बारा बोअरच्या. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. एक बार निघाला की बंदूक रिकामी, आणि पुढचा बार माणसाने हाताने भरल्याशिवाय निघत नाही.

पिस्तुलाचे तसे नाही. गोळी सुटली की ते जळलेली पुंगळी स्वतःच फेकून देते आणि पुढचे काडतूस स्वतःच नळीत चढवते. बार काढणाऱ्याच्या हाताला काही कळायच्या आत ते पुन्हा भरलेले असते. ठासणीवर किंवा एकनळीवर हात बसलेल्या माणसाची चूक नेमकी इथे होते. निवृत्त जवान, .३२ बोअरचा परवाना असलेले व्यावसायिक, नव्याने पोलिसात भरती झालेली मुले-मुली आणि नेमबाजीत उतरू पाहणारे एनसीसीचे छात्र यांच्यासाठी, तसेच त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. आत काय घडते हे एकदा समजले की सुरक्षेचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

एका बारात काय काय घडते

काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर (जुनी माणसे ज्याला केप किंवा टोपी म्हणतात), आत दारू आणि तोंडाशी गोळी. पुंगळीचे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असे असते. हे मिश्रण निवडण्यामागे कारण आहे. दारू पेटली की पुंगळी किंचित फुगते, चेंबरच्या (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या भागाच्या) भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती पुन्हा आक्रसते आणि सुटी होते. हा लवचिकपणा नसता तर ती चेंबरमध्येच रुतून बसली असती.

चाप ओढला की घोडा किंवा आतला स्ट्रायकर पुढे येतो, फायरिंग पिन प्रायमरवर आदळते आणि दारू पेटते. गोळी पुढे ढकलली जाते, त्याच जोराने पुंगळी मागे ढकलली जाते. मालवणच्या जेटीवर होडीतून धक्क्यावर उडी मारली की पायाखालची होडी मागे सरकते, तोच हा नियम. उडी मारणारा हलका आणि होडी जड, म्हणून होडी कमी वेगाने सरकते. ९ मिलिमीटरची गोळी सुमारे ८ ग्रॅमची असते आणि सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने निघते. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे मागेपुढे सरकणारा वरचा भाग, गोळीच्या कित्येक पट जड, म्हणून ती सेकंदाला जेमतेम पाच-सात मीटर वेगाने मागे येते. पुढची सगळी कामे याच मागे येणाऱ्या स्लाइडवर होतात.

मागे जाताना स्लाइड पुंगळी ओढून काढते, बाहेर फेकते, घोडा पुन्हा चढवते आणि स्प्रिंग दाबते. मग स्प्रिंग तिला पुढे लोटते. पुढे येताना ती मॅगझिनमधले, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीतले, सगळ्यात वरचे काडतूस ढकलत नेऊन चेंबरमध्ये बसवते. हे सगळे सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात उरकते. मात्र पुढची गोळी आपोआप सुटत नाही. आतला एक लहान भाग चाप आणि घोड्याचा संबंध तोडून ठेवतो. बोट सैल सोडून पुन्हा ओढले तरच तो जुळतो. एक ओढ, एक गोळी. म्हणून अशा पिस्तुलाला अर्धस्वयंचलित म्हणतात.

लहान काडतूस, मोठे काडतूस

सगळी पिस्तुले एकाच रीतीने मागे येत नाहीत. .२२ आणि .३२ बोअरच्या काडतुसांचा जोर तुलनेने कमी असतो. तिथे स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढेच पुरते. नळी जागची हलत नाही. पुंगळी मागे रेटते, जड स्लाइड सावकाश हलू लागते आणि तोवर गोळी नळीबाहेर गेलेली असते. भारतातील सरकारी आयुध कारखान्यांत बनलेली .३२ ची पिस्तुले नागरिकांना परवान्यावर मिळतात. हे काडतूस अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास याच साध्या रचनेसाठी तयार केले.

९ मिलिमीटरच्या काडतुसात दाब वातावरणाच्या दोन हजार पटींहून अधिक चढतो. इतका दाब असताना पुंगळी चेंबरबाहेर आली तर ती फुटेल. म्हणून नळी आणि स्लाइड सुरुवातीला एकमेकांत अडकलेल्या असतात. दोन्ही मिळून काही मिलिमीटर मागे येतात, मग नळीचा मागचा भाग खाली झुकतो, कुलूप सुटते आणि स्लाइड एकटीच पुढचा प्रवास करते. तोवर गोळी निघून गेलेली असते आणि दाब उतरलेला असतो. हीही ब्राउनिंग यांचीच देणगी. आपल्या लष्करात आणि पोलिसांत अनेक वर्षे वापरात असलेले, पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारे ‘ऑटो ९ मिमी १ए’ हे १३ गोळ्यांचे पिस्तूल ब्राउनिंगच्या ‘हाय-पॉवर’ रचनेवरच बेतलेले आहे. सैन्यातून परतलेल्या आपल्या भागातल्या अनेकांनी ते हाताळलेले असेल.

पुंगळी बाहेर कशी पडते

दोन लहान तुकडे हे काम करतात. पहिला एक्स्ट्रॅक्टर. स्लाइडला बसवलेली ही आकडीसारखी पट्टी पुंगळीच्या बुडाची कड धरते आणि स्लाइडबरोबर तिला चेंबरमधून ओढून आणते. दुसरा इजेक्टर. तो स्लाइडवर नसतो, खाली साच्यात (फ्रेममध्ये) पक्का असतो. मागे येणाऱ्या पुंगळीचे बूड एका बाजूने त्यावर आपटते, ती गिरकी घेते आणि स्लाइडच्या खिडकीतून बाहेर उडते. बहुतेक पिस्तुलांत इजेक्टर डावीकडे आणि खिडकी उजवीकडे, म्हणून पुंगळी उजवीकडे पडते.

बारा बोअरच्या एकनळीशी ताडून पाहा. तिथे नळी मोडली की एक्स्ट्रॅक्टर पुंगळी थोडी वर उचलतो आणि ती आपण बोटांनी उपसतो. तिथे ओढणारा, फेकणारा आणि भरणारा माणूसच असतो. पिस्तुलाने ही तिन्ही कामे माणसाच्या हातून काढून घेतली.

यातून दोन सूचना निघतात. सरावाच्या जागी नेमबाजाच्या उजव्या खांद्यालगत उभे राहू नका, आणि चष्मा घातल्याशिवाय तिथे जाऊ नका. २५ मीटरच्या रेंजवर दोन नेमबाजांच्या मध्ये पडदे लावतात ते उडत्या पुंगळ्यांसाठीच. दुसरे म्हणजे पुंगळी गरम असते. ती कॉलरमधून आत गेली की माणूस दचकतो, झटकायला वळतो आणि हातातले पिस्तूलही त्याच्याबरोबर वळते. म्हणून गळाबंद कपडे घाला. चटका बसला तरी आधी बोट चापावरून काढा, नळी निशाणाकडेच ठेवा, पुंगळीचे नंतर पाहा.

एकच काडतूस, दोन शस्त्रे

फोंडा घाट चढून गेले की राधानगरी तालुका लागतो. त्याच तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. कुसाळे यांच्याच जिल्ह्याच्या राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले. दोघांच्या प्रकारांत काडतूस एकच आहे: .२२, म्हणजे ५.६ मिलिमीटर.

रायफलीच्या त्या प्रकारात प्रत्येक बारानंतर नेमबाज हाताने बोल्ट मागे घेतो, पुंगळी काढतो आणि दुसरे काडतूस ठेवतो. २५ मीटर पिस्तुलात ६० गोळ्यांपैकी निम्म्या वेगवान टप्प्यात झाडायच्या असतात. निशाण ३ सेकंद समोर येते, ७ सेकंद नाहीसे होते. हात तिरका खाली धरलेला, निशाण दिसताच वर उचलायचा आणि एक गोळी सोडायची, असे पाच वेळा. तिथे काडतूस भरणे शस्त्रावरच सोपवावे लागते.

या खेळाचा एक नियम घरच्या परवानाधारकानेही आत्मसात करावा असा आहे. पुंगळी बाहेर पडली नाही किंवा गोळी सुटली नाही, तर खेळाडूने नळी निशाणाकडे ठेवून मोकळा हात वर करायचा आणि रेंज अधिकाऱ्याला बोलवायचे. अधिकाऱ्याने पाहण्याआधी त्याने स्लाइडला हात लावला, तर बिघाड खरा असूनही तो ग्राह्य धरला जात नाही. नियम स्पर्धेचा असला तरी त्यात शहाणपण आहे. पिस्तूल अडकले की पहिली हालचाल हाताची नव्हे, डोक्याची असावी.

रिकामे करण्याचा क्रम

आता मुख्य मुद्दा. पिस्तुलात काडतुसे दोन ठिकाणी असतात: मॅगझिनमध्ये आणि चेंबरमध्ये. मॅगझिन काढल्याने चेंबरमधले काडतूस निघत नाही. काही पिस्तुलांत मॅगझिन नसताना चाप चालू नये अशी सोय असते, पुष्कळांत नसते. त्या सोयीवर भिस्त ठेवू नये.

क्रम असा:

१. नळी अशा दिशेला धरा जिथे चुकून गोळी सुटली तरी कोणाला लागणार नाही. घरात फरशीकडे किंवा पातळ भिंतीकडे धरणे सुरक्षित नाही. फरशीवरून गोळी उसळते, पातळ भिंतीतून पलीकडे जाते.

२. बोट चापाबाहेर, साच्यावर सरळ ठेवा.

३. आधी मॅगझिन काढा आणि दूर ठेवा.

४. मग स्लाइड पूर्ण मागे ओढा. चेंबरमधले काडतूस बाहेर पडताना डोळ्यांनी पाहा.

५. स्लाइड मागे अडकवून ठेवा. चेंबर रिकामे आहे हे उजेडात पाहा, अंधार असेल तर करंगळीने चाचपा. मॅगझिनची जागाही तपासा.

६. दुसऱ्या कोणाला देताना स्लाइड उघडी ठेवूनच द्या. घेणाऱ्यानेही स्वतः तपासावे. त्यात कोणाचा अपमान नाही.

तिसरी आणि चौथी पायरी उलटी झाली की घात होतो. मॅगझिन आत असतानाच स्लाइड ओढली तर चेंबरमधले काडतूस बाहेर पडते हे खरे, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले दुसरे चेंबरमध्ये जाते. मग मॅगझिन काढले जाते, बाहेर पडलेले काडतूस समोर दिसते आणि माणसाची खात्री पटते की पिस्तूल रिकामे आहे. ते भरलेले असते.

‘पिस्तूल साफ करताना गोळी सुटली’ ही बातमी आपण वारंवार वाचतो. तिच्यामागे पुष्कळदा हाच उलटा क्रम असतो. शिवाय ग्लॉकसारख्या पिस्तुलाची स्लाइड उतरवताना चाप ओढावाच लागतो, म्हणजे तपासणीत राहिलेली चूक तिथेच उघडी पडते. म्हणून साफसफाईला बसण्यापूर्वी सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा.

स्लाइड शेवटच्या गोळीनंतर मागे अडकून राहते आणि त्यावरून पिस्तूल रिकामे झाल्याचे कळते, असेही अनेकांना वाटते. जुन्या .३२ पिस्तुलांपैकी कित्येकांत ही सोय नसते. स्लाइड बंद दिसते म्हणून आत काडतूस आहे की नाही, हे बाहेरून सांगता येत नाही.

अडकले तर

बिघाड मुख्यतः चार प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचे कारण वर सांगितलेल्या प्रवासात सापडते.

पुंगळी खिडकीत उभी अडकली, तर स्लाइड पुरेशी मागे आलेली नसते. मनगट सैल असणे हे याचे मोठे कारण. स्लाइड साच्याच्या आधाराने मागे येते, साचाच हाताबरोबर मागे गेला तर तिची धाव अपुरी पडते. दमट झालेली काडतुसे आणि घट्ट झालेले तेल यांनीही असे होते.

पुंगळी चेंबरमध्येच राहिली आणि मागून दुसरे काडतूस येऊन धडकले, तर एक्स्ट्रॅक्टरची आकडी झिजलेली, तुटलेली किंवा काजळीने भरलेली असते. मॅगझिन काढून स्लाइड मागे घ्यावी आणि शस्त्र जाणकाराकडे न्यावे.

चाप ओढला आणि नुसता ‘टक’ आवाज आला, तर लगेच स्लाइड ओढू नका. क्वचित दारू उशिरा पेटते. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा, मगच मॅगझिन आणि काडतूस काढा.

बार झाला पण आवाज फुसका आला, धक्का जाणवला नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फुगते किंवा फुटते. चारही बिघाडांत सगळ्यात घातक हाच, आणि लक्षण साधे असल्यामुळे दुर्लक्ष होणाराही हाच.

खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस

पिस्तुलाचा हा खेळ मिलिमीटरच्या भागांतल्या अंतरावर चालतो. किनाऱ्यावरची खारी, दमट हवा तेच अंतर गंजाने भरून टाकते. ठासणीची बंदूक थोडा गंज सोसते, पिस्तूल सोसत नाही. एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग, मॅगझिनची स्प्रिंग आणि चेंबर या तीन जागा आधी बिघडतात.

चामड्याच्या म्यानात पिस्तूल कायम ठेवू नका. चामडे ओल धरते, कमावताना वापरलेली रसायनेही लोखंडाला बाधतात. म्यान बाहेर नेण्यासाठी, ठेवण्यासाठी नव्हे. हात लागला की घाम पुसून काढा, पातळ तेलाचा हलका हात फिरवा. तेल ओतू नका. जास्त तेलावर धूळ बसते आणि त्याचा चिकटा स्लाइडला धरून ठेवतो. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल ठेवा आणि मधूनमधून बदला.

काडतुसांना तेल अजिबात लावू नका. ते प्रायमरमध्ये झिरपले तर काडतूस निकामी होते. पितळेवर हिरवा थर चढला असेल, पुंगळीला पोचा आला असेल किंवा गोळी आत दबली असेल, तर ते काडतूस वापरू नका. घरात फोडून पाहण्याचा किंवा समुद्रात टाकण्याचा विचारही नको. परवानाधारक विक्रेता किंवा पोलीस ठाणे हाच मार्ग.

घर आणि कायदा

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्या पायाला लागली. रिव्हॉल्व्हर पुंगळी फेकत नाही, चक्रात ठेवते. पिस्तुलापेक्षा ते समजायला सोपे. तरीही भरलेले शस्त्र घरात हाताळताना एक क्षण पुरतो. घरात शस्त्र रिकामे, कुलपात, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. किल्ली कुठे आहे हे मुलांना ठाऊक नसावे.

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. लग्नात किंवा मिरवणुकीत आनंदाचा बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शेतीसंरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ त्याहून वेगळा लागू आहे.

आजोबांच्या माघारी पेटीत शस्त्र किंवा काडतुसे सापडली, परवान्याची मुदत संपली किंवा परवानाधारकाचे निधन झाले, तर ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत. शेजाऱ्याकडे ठेवणे किंवा वाटणीत घेणे कायद्याला धरून नाही.

आणि रस्त्यात, बागेत, किनाऱ्यावर पुंगळी दिसली तर ती उचलू नका. प्रत्येक पिस्तूल आपल्या फायरिंग पिनची, एक्स्ट्रॅक्टरची आणि इजेक्टरची खूण पुंगळीवर उमटवते. मुंबईत कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत अशा खुणा सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिल्या जातात. खिशात घातलेल्या पुंगळीवर नाण्यांचे ओरखडे उठतात, आणि ती कुठे पडली होती हा पुरावाही जातो. जागा लक्षात ठेवा, ११२ वर कळवा.

घरात पिस्तूल असेल तर आज एवढे करा. काडतुसे बाजूला ठेवा, वरच्या सहा पायऱ्या घरातल्या दुसऱ्या जाणत्या माणसासमोर मोठ्याने म्हणत करून दाखवा, आणि त्याच्याकडून चूक काढून घ्या. काही शंका उरली तर पोलीस ठाण्यातल्या शस्त्रांच्या जाणकाराला किंवा नेमबाजीच्या प्रशिक्षकाला विचारा. मॅगझिन आधी, स्लाइड नंतर, आणि चेंबरमध्ये नजर टाकल्याशिवाय पिस्तुलाला रिकामे म्हणू नका.